दुकानाला दोन कुलपे, संगणकाला एकही नाही

रात्री नऊच्या सुमारास आपल्या गणपत गल्लीतून फेरी मारा. शटर खाली येते, दोन कुलपे लागतात आणि मालक ती दोनदा ओढून बघितल्याशिवाय गाडीला किक मारत नाही. आत टेबलावरच्या संगणकाचा पासवर्ड मात्र दुकानाचे नाव आणि पुढे १२३! गेली पंचवीस वर्षे मी इथल्या व्यापाऱ्यांचे, लहान कारखानदारांचे हिशेब बघतो आहे. लाल वह्या जाऊन टॅली आली, उधारीची चिठ्ठी जाऊन क्यूआर कोड आला. चोरसुद्धा बदलला, हे मात्र अजून बऱ्याच जणांच्या गळी उतरत नाही. “आमच्याकडे आहे काय चोरायला? ते बँका लुटतात हो,” असे मला निदान महिन्याला एकदा ऐकावे लागते.

बँकाही लुटतात, हे खरे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बहुतेक रक्कम २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली. काही आपल्या शेजारच्या कोल्हापुरातूनही. एटीएममध्ये कार्ड घातले की बँकेची यंत्रणा खात्यात शिल्लक आहे का ते बघते आणि मग होकार देते. चोरट्यांनी मधल्या वाटेवरच एक खोटी यंत्रणा उभी केली. विचारणा बँकेपर्यंत जाईना, ही खोटी यंत्रणाच परस्पर “हो, द्या” म्हणत राहिली. या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली.

आता लहान धंद्याकडे या. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा संगणकातला किडा जगभर पसरला. त्याने माणसे निवडली नव्हती. जे दार उघडे दिसले त्यातून तो शिरला. फायली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागायचे, असा त्याचा धंदा. ते दार बंद करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. ‘अपडेट’ची सूचना आली की “नंतर बघू” म्हणून दाबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्तीही १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. तुमच्या काउंटरवर ते असेल तर मुलाला आजच विचारा.

पण किड्यापेक्षा जास्त फसवणूक मी साध्या पत्राने होताना बघितली आहे. उद्यमबागेतल्या एका कारखान्याचे उदाहरण सांगतो. तिथले हिशेब सूनबाई बघतात. माहेर धारवाडचे, घरात दोन्ही भाषा. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या माल पुरवणाऱ्याचा ईमेल आला: आमच्या खात्याचे ऑडिट सुरू आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यात भरा. बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर. सासरे घाई करत होते, माल अडकायला नको म्हणून. सूनबाई म्हणाल्या, “मावा, स्वल्प तडीरी.” जरा थांबा. त्यांनी जुन्या डायरीतला नंबर काढून फोन लावला. पुण्याच्या माणसाला यातले काहीच ठाऊक नव्हते! त्याच्या ईमेलमध्ये कोणीतरी शिरून सगळा पत्रव्यवहार वाचत होते, म्हणून तर बिल नंबर इतका अचूक. सहा लाखांच्या वर रक्कम वाचली.

इथे बारकावा असा की त्यांनी ईमेललाच उत्तर देऊन विचारले नाही. विचारले असते तर चोरानेच “हो, द्या” म्हटले असते; अगदी त्या खोट्या यंत्रणेसारखे. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन केला असता तरी तेच. खात्री करायची ती वेगळ्या वाटेने, आपल्याजवळ आधीपासून असलेल्या नंबरवर.

हिशेबाच्या प्रतीचेही तसेच. शहापुरातले एक साडी व्यापारी रोज न चुकता बॅकअप घेत. फक्त ती हार्ड डिस्क संगणकाला कायमची जोडलेली. फायलींना कुलूप लागले तेव्हा डिस्कलाही लागले. मग घरातल्या चौघांनी मिळून कागदी बिलांवरून सात महिन्यांच्या नोंदी पुन्हा भरल्या. डिस्क दोन घ्या, आलटून पालटून वापरा, प्रत झाली की केबल काढा आणि एक डिस्क दुकानात न ठेवता घरच्या कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडूनही बघा. उघडतच नसेल तर त्या प्रतीचा काय उपयोग?

गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर, आधारच्या झेरॉक्स, पॅन नंबर हेही आपल्याकडे असतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. गरज नसलेले कागद जमवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ईमेलला आणि बँकेच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा. नोकर काम सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला. इथे भिडस्तपणा कामाचा नाही.

आणि एवढे करूनही पैसे गेलेच, तर घरात कोण चुकले यावर वाद घालत बसू नका. संगणकाचे इंटरनेट तोडा, बँकेला फोन करा आणि लगेच १९३० फिरवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते तिथेच गोठवता येतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते चार खाती ओलांडून गेलेले असतात. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि तो घेऊन सायबर गुन्ह्यांच्या पोलीस ठाण्यात जा. हा नंबर मोबाइलमध्ये ठेवू नका, काउंटरमागच्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत लिहा, म्हणजे मालक गावाला गेलेला असला तरी दुकानातल्या पोराला सापडेल.