परसबागेत रताळ्याचा वेल की करंजाची सावली? बेंगळुरूच्या हवामानातील तौलनिक विचार

बेंगळुरू व परिसरातील परसबागा, शेतघरे आणि गृहसंकुलांना भेट देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांना एक प्रश्न वारंवार विचारला जातो : मोकळ्या जागेत खाण्याजोगे काही घ्यावे, की सावलीचे झाड लावावे? बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी एकाच जागी साधण्याचा प्रयत्न होतो. झाडाखालची रिकामी माती दिसते, तेथे रताळ्याचा वेल लावला जातो आणि चार महिन्यांनी भरघोस पाला व करंगळीएवढी मुळे हाती येतात. मग उन्हासाठी झाडावर कुऱ्हाड चालवण्याचा विचार सुरू होतो. पहिली चूक एका हंगामाची असते. दुसरी भरून यायला पंधरा-वीस वर्षे लागतात. म्हणूनच जागेची आखणी करण्यापूर्वी या दोन वनस्पतींच्या गरजा समजून घेणे आवश्यक आहे.

दोन्हींचा स्वभाव

रताळे (इपोमिया बटाटास) हे मूळचे अमेरिका खंडातील कंदमूळ. जमिनीवर पसरणारा त्याचा वेल पानांत तयार झालेली शर्करा मुळांकडे पाठवतो व ती पिष्टमय पदार्थांच्या रूपाने साठते. लागवडीपासून साधारणतः १०० ते १२० दिवसांत पीक काढणीस येते. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील तांबड्या जमिनीत हे खरिपाचे महत्त्वाचे नगदी पीक आहे. आषाढी एकादशी, नवरात्र व महाशिवरात्र या उपवासांच्या काळात त्यास मागणी वाढते. बेंगळुरूच्या बाजारात ‘गेणसू’ या नावाने ते संक्रांतीला हमखास येते.

करंज (पोंगामिया पिन्नाटा), कन्नडमध्ये ‘होंगे’, हा शिंबावर्गीय वृक्ष. त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची जुनी पाने गळतात, मात्र अल्पावधीतच, उगादीच्या सुमारास, पोपटी पालवी फुटते. बेंगळुरूत एप्रिल हा सर्वांत उष्ण महिना. त्या वेळी करंज पूर्ण पानांवर असतो व त्याची सावली दाट असते. सावलीसाठी त्याची निवड होण्यामागे हेच प्रमुख कारण आहे.

सावलीचे मोल

सावली हे डोळ्यांना दिसणारे उत्पन्न नसल्याने तिचा हिशेब केला जात नाही. बेंगळुरूतील रस्त्यांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वृक्ष असलेल्या भागात दुपारच्या हवेचे तापमान ५.६ अंश सेल्सिअसपर्यंत, तर रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान २७.५ अंशांपर्यंत कमी आढळले. घराच्या पश्चिम भिंतीवर, गोठ्यावर किंवा मजुरांच्या विसाव्याच्या जागेवर पडणारी सावली याच तऱ्हेने उपयोगी पडते. शिवाय करंजाचा पाला हिरवळीचे खत म्हणून भातखाचरात वापरण्याची रीत कर्नाटकात जुनी आहे. बियांपासून तेल निघते आणि पेंडीत सुमारे ४ टक्के नत्र असते. करंजाच्या बिया व तेल मात्र खाण्यायोग्य नाहीत. मुले व जनावरे यांच्यापासून शेंगा दूर ठेवाव्यात.

वेलाचे मोल

परसबागेतील १० चौरस मीटर वाफ्याचा हिशेब पाहू. ६० × २० सें.मी. अंतराने या वाफ्यात सुमारे ८३ वेलतुकडे बसतात. हेक्टरी १५ ते २० टन उत्पादन गृहीत धरल्यास इतक्या जागेतून १५ ते २० किलो रताळी मिळतात. कोवळे शेंडे भाजीसाठी व उरलेला वेल जनावरांना चारा म्हणून उपयोगी पडतो. केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘भू सोना’ या नारिंगी गराच्या वाणात बीटा-कॅरोटीनचे प्रमाण १०० ग्रॅममागे सुमारे १४ मि.ग्रॅ. आहे. शरीर त्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ तयार करते. नारिंगी रताळ्यांच्या माध्यमातून या जीवनसत्त्वाची उणीव कमी करण्याच्या कार्याला २०१६ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले आहे. लहान मुले व गरोदर स्त्रिया असलेल्या कुटुंबांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

एकाच जागी दोन्ही का साधत नाहीत?

रताळ्याला भरपूर ऊन लागते. सावलीत वेल जगतो, लांब वाढतो, पानेही मोठी करतो. परंतु मुळांत साठवण्याइतकी शर्करा शिल्लक राहत नाही. त्यात करंजाची उथळ पसरणारी मुळे वाफ्यातील ओल शोषतात. माती कोरडी पडून भेगा गेल्या की रताळ्यावरील सोंड्या भुंगा त्या वाटेने मुळांपर्यंत पोहोचतो. त्याच्या अळीने पोखरलेली रताळी कडू होतात व जनावरांनाही खाऊ घालण्यायोग्य राहत नाहीत. करंज नत्र स्थिर करतो म्हणून त्याखालील वेलाला फायदा होईल, ही समजूतही फसवी आहे. रताळ्याला नत्र जास्त झाले तर पाला वाढतो, मुळे नव्हे.

सूर्याची दिशा आणि आखणी

बेंगळुरू सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबर अखेरीस मध्यान्ही १० मीटर उंचीच्या झाडाची सावली उत्तरेकडे सुमारे साडेसात मीटर पडते. जूनमध्ये मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे, जेमतेम दोन मीटर असते. यावरून आखणीचा साधा नियम निघतो : झाड घराच्या पश्चिमेस, म्हणजे दुपारची सावली भिंतीवर पडेल, आणि रताळ्याचा वाफा झाडाच्या दक्षिणेस, पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर जेथे संपेल त्याच्या बाहेर. आजच्या रोपाचा नव्हे, तर पंधरा वर्षांनंतरच्या झाडाचा घेर जमिनीवर चुन्याने आखून पाहावा.

येथेच जागेची मर्यादा लक्षात येते. ३० × ४० फुटांच्या भूखंडाचे क्षेत्र सुमारे १११ चौरस मीटर, तर आठ मीटर घेराचा करंज एकटाच सुमारे ५० चौरस मीटर जागा व्यापतो. अशा ठिकाणी घराच्या आवारात करंज लावू नये. नगरपालिकेच्या परवानगीने रस्त्याच्या कडेला झाड लावावे व गच्ची किंवा दक्षिणेकडील पट्टा रताळ्यासाठी राखावा. मोठ्या आवारात, शेतघराजवळ अथवा बांधावर दोन्ही सुखाने नांदू शकतात. इमारतीच्या पायापासून करंज किमान पाच मीटर दूर असावा. बेंगळुरूच्या जुन्या रस्त्यांची शोभा असलेला वर्षावृक्ष फार विस्तारतो व वादळी पावसात त्याच्या फांद्या मोडतात. तो लहान आवारासाठी योग्य नाही.

लागवडीचे वेळापत्रक

करंजासाठी ६० सें.मी. लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत व माती भरावी. जून-जुलैत एक वर्षाचे रोप लावावे. पहिले दोन उन्हाळे आळ्यात पाणी व आच्छादन द्यावे. खालच्या फांद्या लहान असतानाच काढून खोड सरळ करावे.

रताळ्यासाठी सप्टेंबरच्या मध्यास लागवड केल्यास संक्रांतीपूर्वी काढणी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पावसामुळे सुरुवातीचे पाणीही वाचते. निरोगी वेलाच्या शेंड्याकडील २० ते ३० सें.मी. लांबीचे तुकडे घ्यावेत व वरंब्यावर लावताना मधले डोळे मातीत जातील असे पाहावे. १० चौरस मीटरसाठी ५ किलो शेणखत, सुमारे ३०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, १२५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश आणि ८० ग्रॅम युरिया लागवडीच्या वेळी द्यावा. तितकाच युरिया पाच आठवड्यांनी भर देताना द्यावा. पहिल्या हप्त्यातील युरियाऐवजी सुमारे एक किलो करंज पेंड लागवडीपूर्वी दोन आठवडे मातीत मिसळता येते. झाड आणि वेल यांची खरी सांगड येथे बसते : झाडाने सावली न देता खत द्यावे.

वेल अधूनमधून उचलून फिरवावा, म्हणजे पेरांवर नवी मुळे धरत नाहीत. मातीची भर कायम ठेवावी, कामगंध सापळे लावावेत, काढणी वेळेवर करावी आणि त्याच वाफ्यात लागोपाठ रताळे घेऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

सल्ला देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : वाफ्यावर दिवसभरात किती तास थेट ऊन पडते, झाडाचा पुढील विस्तार कोठवर जाईल आणि कुटुंबाची निकड अन्नाची आहे की उष्म्यापासून संरक्षणाची. झाड आधीच उभे असेल, तर वेल हलवावा, झाड नव्हे. खाजगी जागेतील झाड तोडण्यासाठीही कर्नाटक वृक्ष संरक्षण अधिनियम, १९७६ अन्वये परवानगी आवश्यक असते. महाराष्ट्रातील नागरी भागांत १९७५ चा अधिनियम लागू आहे. झाडाखालच्या जागेत हळद, आले किंवा अळू यांसारखी विरळ सावली सोसणारी पिके घ्यावीत. रताळ्याची जागा चुकली तर पुढच्या हंगामात ती बदलता येते. झाडाची जागा मात्र एकदाच निवडायची असते. म्हणून आखणीत पहिली खूण झाडाची करावी.