वीस रुपये आणि तीस रुपये

आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये आठवी-नववीचा वर्ग आम्ही तिघीजणी मिळून घेतो. बायबलातल्या दग्याच्या आणि निष्ठेच्या गोष्टी या वयाच्या मुलांना कशा सांगायच्या, असं पुष्कळ आया विचारतात. आधी आमची चूक सांगतो.

उपवासकाळात आम्ही यहूदा इस्कर्योताची गोष्ट घेतली होती. चांगली रंगवून सांगितली. ते तीस रुपये, ते चुंबन, मशाली घेऊन आलेली माणसं. वर्ग चिडीचूप, आणि आम्ही खूश! पण त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीनं मैत्रिणीचा खासगी मेसेज शाळेच्या ग्रुपवर टाकला होता. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, मुलांना होता. घरी जाताना कुणीतरी तिला ‘यहूदा’ म्हणालं आणि ते नाव चिकटलं. पुढचे तीन रविवार ती आली नाही. आई सांगायची, पोट दुखतंय.

तेव्हा आम्ही तिघी बसलो आणि पुन्हा पुस्तक उघडलं. यहूदा नावाचा आणखी एक माणूस आहे, तो आम्ही विसरलोच होतो. याकोबाचा मुलगा, योसेफाचा भाऊ. उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायात योसेफाला विकून टाकू, ही कल्पना त्याचीच. वीस रुपयांना भाऊ विकला आणि बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा बापासमोर ठेवला. पण गोष्ट तिथे संपत नाही. पुष्कळ वर्षांनी मिसर देशात धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला सापडतो. त्याला गुलाम म्हणून मागे सोडून बाकीच्यांना सुखरूप घरी जाता येतं. अगदी पहिल्यासारखाच प्रसंग! या वेळी तोच यहूदा पुढे होतो आणि म्हणतो, याच्या जागी मला ठेवून घ्या. हे ऐकल्यावर मात्र योसेफाला स्वतःला आवरता येत नाही. आम्ही आता हा ४४वा अध्याय आधी शिकवतो, इस्कर्योत नंतर.

आणि इस्कर्योताबरोबर पेत्र सांगितल्याशिवाय वर्ग सोडत नाही. एकाच रात्री दोघं चुकले. पेत्रानं अंगणात विस्तवाशी शेकताना तीनदा नाकारलं. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. एकदा या अंगणात आणि एकदा सरोवराच्या काठी, जिथे येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? हे मुलांना स्वतः शोधू द्यावं. आमच्या वर्गात एका मुलाला ते सापडलं, तेव्हा तो बाकावरून उठूनच ओरडला.

यहूदाचा शेवट नाजूक आहे. मत्तय सांगतो, त्याला पस्तावा झाला, त्यानं पैसे परत नेले आणि नंतर जीव दिला. मुलं ते घरी वाचतातच, म्हणून लपवत नाही. पण वर्णनही करत नाही. आम्ही थांबतो ते त्याच्या आधीच्या जागी. तो याजकांकडे जाऊन म्हणतो, माझं चुकलं. ते म्हणतात, त्याचं आम्हाला काय? मग विचारतो, असं तोंडावर दार न लावणारं माणूस तुमच्या ओळखीत कोण आहे? नाव मोठ्यानं सांगायचं नाही, वहीत लिहायचं. वही कोरी राहिली तर त्या मुलाशी वर्ग सुटल्यावर निवांत बोलतो.

आणखी एक. यहूदा आणि यहूदी हे शब्द मराठीत इतके जवळचे, की मुलं गल्लत करतात. येशू, पेत्र आणि सगळेच बारा शिष्य यहूदी होते, हे स्पष्ट सांगावं. आपल्या रायगड जिल्ह्यातली मराठी बोलणारी बेने इस्राएल माणसंही यहूदीच.

निष्ठेच्या गोष्टींत सासू-सुनेची, म्हणजे नामी आणि रूथची, गोष्ट बायकांना आवडते. (आमच्यातल्या एकीच्या सासूबाई दरवर्षी मुद्दाम ऐकायला बसतात.) मुलं लगेच म्हणतात, रूथ चांगली, अर्पा वाईट. पण पुस्तक अर्पेला एका शब्दानंही बोल लावत नाही. माहेरी परत जा, हे नामीनंच सांगितलं होतं, आणि अर्पा रडत गेली.

निष्ठा म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे योनाथानावरून सांगतो. बाप शौल दावीदाच्या जिवावर उठला, तेव्हा योनाथानानं ते लपवलं नाही, बाण मारून मित्राला इशारा दिला. एखादी मैत्रीण सांगते, घरातलं मोठं माणूस मला त्रास देतं, कुणाला सांगू नको. अशा वेळी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगणं हा दगा नाही. मुलांसाठीचा १०९८ हा फोन नंबर आम्ही फळ्यावर लिहूनच ठेवतो.

त्या मुलीच्या घरी आम्ही बायबल न घेता गेलो. नाव पाडायला कारण आमची गोष्ट झाली, म्हणून माफी मागितली. चौथ्या रविवारी ती उशिरा आली, मागे बसली. दोघी मैत्रिणी अजून बोलत नाहीत. आम्ही त्यांना हात मिळवायला लावलेलं नाही. योसेफानंही भावांना लगेच ओळख दिली नव्हती, आधी नुसतं धान्य दिलं होतं.