मुंबईला गेलात तर काय पाहावे?



गळीत हंगाम संपला, उसाच्या बिलाचा हप्ता हाती आला, की आपल्यापैकी कित्येकांचे मुंबईला जाणे होते. कुणाचे मंत्रालयात काम, कुणाला मोठ्या दवाखान्यात दाखवायचे, कुणाचा मुलगा तिकडे नोकरीस. काम उरकले की एखादा दिवस मोकळा मिळतो. मग नवी वस्ती बघावी का, म्युझियम बघावे का, असा प्रश्न पडतो. “इमारती सगळ्या सारख्याच, आन् दगडाच्या मूर्ती बघून पोट भरतंय व्हय?” असे पारावर बोलणारे पुष्कळ. त्यांचेही खोटे नाही. शेतकऱ्याचा एक दिवस आणि गाडीभाडे ही काही किरकोळ रक्कम नव्हे. म्हणून हिशेब मांडून पाहू.

प्रथम वांद्रे-कुर्ला संकुल. मिठी नदीकाठच्या दलदलीवर भर घालून ते उभे राहिले. आपल्या पीककर्जामागे जिल्हा बँकेला फेरकर्ज देणाऱ्या नाबार्डचे मुख्य कार्यालय तिथेच आहे. पण काचेच्या इमारती बाहेरूनच बघायच्या. त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करू नये.

नवी मुंबई मात्र बघावी, आणि शेतकऱ्याच्या नजरेने बघावी. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेण्याचे ठरले. आज जिथे रुंद रस्ते आहेत तिथे भातखाचरे आणि मिठागरे होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या १२.५ टक्के विकसित जमीन मूळ मालकाला देण्याची योजना आली. आपल्याही शिवारात उद्या रस्ता किंवा एम.आय.डी.सी. येऊ शकते. तेव्हा नुसत्या रोख पैशावर सही करायची की विकसित जमिनीत वाटा मागायचा, हा विचार तिथे उभे राहून केलेला बरा.

त्याच शहरात वाशीची बाजार समिती आहे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, धान्य, मसाला, सारे घाऊक बाजार एके ठिकाणी. उसाच्या जोडीला भाजीपाला करणाऱ्यांनी भल्या पहाटे जावे. माल कसा उतरतो, प्रत कशी लावतात, भाव कसा फुटतो, हे पट्टीच्या कागदावरून कळत नाही.

आता म्युझियम. फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली खुले झाले. सिंधू संस्कृतीच्या वस्तूंपासून पुढचा मोठा संग्रह तिथे आहे, पण त्याला निदान अर्धा दिवस हवा. वेळ थोडा असेल तर भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बरे. १८७२ सालचे, आटोपशीर, आणि राणीच्या बागेला लागून. जुन्या मुंबईतील नाना जातींचे लोक, त्यांचे पोशाख व धंदे यांचे मातीचे नमुने तिथे आहेत. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्रजांनी १८६४ साली तो इंग्लंडला नेऊ पाहिला, तेव्हा तो फुटला. पुढे तुकडे जोडून उभा केला. ज्यांचे नाव दिले ते भाऊ दाजी गोव्यातील मांद्रे गावचे. खेड्यातून येऊन डॉक्टर झाले आणि विद्वान म्हणून नावाजले. आपल्या शाळकरी पोरांना हे सांगण्यासारखे आहे.

तेव्हा बेत असा करावा : पहाटे वाशीचा बाजार, तेथून लोकलने कुर्ला, गाडी बदलून भायखळा, दुपारी संग्रहालय. बुधवारी ते बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. आणि एक विनंती. दवाखान्याच्या कामाला घरच्या मंडळींना नेता, तसे या दिवशीही न्या. शेतात निम्मे कष्ट त्यांचे असतात, मग बघण्यातही निम्मा वाटा त्यांचा असावा.