ताळेबंद जुळला म्हणजे हिशेब खरा?

ताळेबंद जुळला की निम्मी काळजी मिटली, असं किराणा दुकानापासून मोठ्या कंपनीपर्यंत सगळीकडे मानलं जातं. पण दोन्ही बाजूंना सारखीच खोटी रक्कम लिहिली, तरी ताळेबंद जुळतोच.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्समध्ये नेमकं हेच झालं. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. सप्टेंबर २००८च्या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटींचं उत्पन्न आणि ६४९ कोटींचा नफा दाखवला होता. खरे आकडे होते २,११२ कोटी आणि ६१ कोटी. वजाबाकी करून पाहिली, तर दोन्हीकडे ५८८ कोटीच येतात. जी विक्री झालीच नाही तिला खर्चही लागला नाही, म्हणून ती जशीच्या तशी नफ्यात उतरली. नफा वाढला की ताळेबंदात त्याच्यासमोर कुठली तरी मालमत्ता दाखवावीच लागते. त्या तिमाहीत रोकड आणि बँकशिल्लक बरोबर ५८८ कोटींनीच फुगवली गेली. असं वर्षानुवर्षं साठत गेलं आणि ५,३६१ कोटींच्या शिलकेतले ५,०४० कोटी निव्वळ कागदावरचे निघाले.

‘पण ऑडिटरची सही होती ना?’ होती. ऑडिटर प्रत्येक नोंद तपासत नाही. तो नमुने तपासून हिशेब सत्य आणि वाजवी चित्र दाखवतात का, यावर मत देतो. बँकेतली शिलक मात्र त्याने थेट बँकेकडूनच पडताळून घ्यायची असते. ते काम कंपनीच्याच हाती सोपवल्याचा ठपका ठेवून अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने २०११ मध्ये सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय संस्थांना ६० लाख डॉलरचा दंड केला.

लबाडी बाजूला ठेवली, तरी सर्वांत महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: नफा म्हणजे हातातला पैसा. समजा, चाकणच्या एका वर्कशॉपने मार्चमध्ये १० लाखांचे सुटे भाग उधारीवर दिले आणि त्यांना खर्च आला ८ लाख. नफा-तोटा पत्रकात मार्चमध्येच २ लाखांचा नफा दिसतो. पैसे येतात जूनमध्ये. मधले पगार, पोलादाचं बिल, कर्जाचा हप्ता कशातून भागवायचा? चांगला नफा दाखवणारे धंदे इथेच अडकतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं बंधन २००६च्या एमएसएमई कायद्यात आहे, ते याच दुखण्यापायी. घसाऱ्याचं याच्या उलट असतं: त्याने नफा घटतो, पण त्या वर्षी खिशातून काहीच जात नाही.

‘राखीव निधी’ या नावानेही फसगत होते. तो तिजोरीत बाजूला ठेवलेला पैसा नव्हे. तो ताळेबंदात भांडवलाच्या बाजूला असतो. त्यातल्या पैशाची यंत्रं, माल, इमारती कधीच होऊन गेलेल्या असू शकतात.

म्हणून वार्षिक अहवाल हाती आला की रोकड प्रवाह पत्रक आधी उघडावं. पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेल्या रोकडीची बेरीज शेजारी-शेजारी मांडावी. नफा सतत पुढे आणि रोकड मागे राहत असेल, तर येण्यांची टीप काढावी. २०२१-२२ पासून कंपन्यांना येणी किती जुनी आहेत ते वयानुसार दाखवावं लागतं, आणि तीन वर्षांवर थकलेल्या पैशासाठी तिथे वेगळा रकानाच आहे.