बंगळुरूत नवोदित सायकलपटूंनी रस्ता शर्यतीची तयारी कशी करावी?

बंगळुरूच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर असलेला नंदी दुर्ग हा शहरातील सायकलपटूंची जणू परीक्षाशाळा बनला आहे. समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर उंचीच्या या डोंगरावर जाणारा वळणावळणाचा रस्ता पायथ्यापासून साडेसात किलोमीटरच्या आसपास असून, तेवढ्या अंतरात चारशे मीटरहून अधिक उंची गाठावी लागते. कसलेले शर्यतपटू हा चढ वीस मिनिटांच्या आगेमागे पार करतात. नवख्याला त्याच्या दुप्पट वेळ लागला तरी त्यात कमीपणा नाही.

नवोदित सायकलपटू या चढावरील आपली वेळ नोंदवू लागतो. काही महिन्यांत ती कमी होते आणि आपण शर्यतीसाठी सज्ज झालो, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात पहिल्या रस्ता शर्यतीत तो अनेकदा चढ येण्यापूर्वीच, सपाट रस्त्यावर, मुख्य जथ्यापासून तुटतो. पायांत ताकद असूनही असे का होते, हे समजून घेतले तर तयारीची दिशा आपोआप स्पष्ट होते.

जथ्यात राहण्याचे शास्त्र

सपाट रस्त्यावर ताशी ३५ ते ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतांश शक्ती हवेचा विरोध कापण्यात खर्च होते. दुसऱ्या सायकलच्या लगोलग मागे राहिल्यास याच वेगासाठी लागणारे श्रम साधारणपणे एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने कमी होतात. मोठ्या जथ्याच्या मध्यभागी ही बचत आणखी वाढते. त्यामुळे एकट्याने सराव करून तयार झालेला बलवान सायकलपटू जथ्यातून सुटला, की त्याच्यापेक्षा कमकुवत पण एकत्र असलेले दहा जण त्याला सहज मागे टाकतात.

नवख्याची दुसरी चूक म्हणजे पडण्याच्या भीतीने जथ्याच्या अगदी शेवटी राहणे. ही जागा सुरक्षित वाटते, पण सर्वाधिक दमवते. वळणावर पुढचे सायकलपटू वेग कमी करतात, वळण संपताच वाढवतात. हा बदल मागे पोहोचेपर्यंत आघाडीचे सायकलपटू बरेच पुढे निघून गेलेले असतात आणि शेवटच्याला प्रत्येक वळणानंतर जिवाच्या आकांताने अंतर भरून काढावे लागते. अशी वीस वळणे झाली, की पाय रिकामे होतात. जथ्याच्या पहिल्या तिसऱ्या भागात, पण अगदी पुढे न येता राहणे, हे नवोदितासाठी सर्वात किफायतशीर ठरते.

तेथे टिकण्यासाठी जवळून सायकल चालवण्याची सवय हवी आणि ती एकट्याच्या सरावातून येत नाही. सुरुवात तीन-चार जणांच्या गटात, पुढच्या सायकलपासून एका सायकलीच्या लांबीइतके अंतर ठेवून करावी. विश्वास वाढेल तसे अंतर कमी करावे. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नये, ती त्याच्या खांद्यांपलीकडे रस्त्यावर असावी. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला अडकू देऊ नये. ही चाके एकमेकांना घासली, तर पुढचा बहुधा सावरतो आणि मागचा पडतो. एकाएकी ब्रेक दाबणे हा जथ्यातील मोठा अपराध समजला जातो. बंगळुरूच्या परिसरात तर न रंगवलेले गतिरोधक आणि खड्डे मागच्यांना हाताने खुणावून वा ओरडून सांगण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्यावी लागते.

हेसरघट्टा किंवा नंदीच्या मागील बाजूच्या खेड्यांकडे जाणारे तुलनेने शांत रस्ते अशा सरावासाठी उपयोगी पडतात. मात्र शर्यतीचा मार्ग कधी कधी बंद ठेवला जात असला, तरी सरावाचा रस्ता सर्वांसाठी खुलाच असतो, याचे भान सुटता कामा नये. या खेळातील खरा धोका पराभवाचा नसून अपघाताचा आहे. पहाटे निघणाऱ्यांनी पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावावा, हेल्मेट घालावे आणि कानात संगीत लावू नये. शनिवार-रविवारी सूर्योदय पाहण्यासाठी नंदीवर वाहनांची रीघ लागते. तेथील उतारावर वेळ नोंदवण्याची स्पर्धा करणे हा शुद्ध अविचार होय. पावसाळ्यात ओले पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे यांच्यावर वळू नये.

सरावाचे वेळापत्रक

आठवड्यातून तीन-चारदा सायकल चालवणाऱ्या निरोगी व्यक्तीला पहिल्या शर्यतीसाठी साधारण बारा आठवडे पुरतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा हृदयविकार, मधुमेह असणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पहिले पाच-सहा आठवडे बहुतेक सराव इतक्या बेताच्या गतीने व्हावा, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल. येथेच बहुतेकांचा संयम सुटतो. रोज दम लागेपर्यंत सायकल हाकली म्हणजे सराव झाला, ही समजूत शहरातील नोकरदार सायकलपटूंत विशेष दिसते. परिणामी ना पुरती विश्रांती मिळते, ना पुरती तीव्रता. आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे.

त्यानंतर आठवड्यातून एक-दोन दिवस तीव्र सराव घ्यावा. नंदीचा खरा उपयोग येथे होतो. संपूर्ण चढ एकदा जीव तोडून चढण्याऐवजी पाच ते आठ मिनिटांचे तीन-चार टप्पे, मध्ये पुरेशी उसंत घेऊन, सारख्याच जोमाने करणे अधिक लाभदायक असते. जड गिअरमध्ये रेटत राहण्यापेक्षा सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांच्या लयीत पायडल मारण्याची सवय गुडघ्यांनाही मानवते.

तासा-दीड तासापेक्षा लांबच्या सरावात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. त्यामुळे तासाला एक-दोन केळी, किंवा खजूर, चिक्की असे काही पुरते. भूक लागण्याची वाट पाहू नये. नंदीहून परतताना इडली-वड्यावर ताव मारण्याची बंगळुरूच्या सायकलपटूंची रीत आनंददायी खरी, पण तोपर्यंत रिकाम्या पोटाने सरावाचे व्हायचे ते नुकसान झालेले असते.

सायकलबाबत थोडक्यात एवढेच, की महागड्या चाकांआधी सीटची उंची आणि हॅन्डलचे अंतर जाणकाराकडून जुळवून घ्यावे आणि पंक्चर झालेली ट्यूब स्वतः बदलायला शिकावे.

पहिली शर्यत कोणती?

शहरात बंगळुरू बायसिकल चॅम्पियनशिप्स या हौशी मालिकेने अनेकांना शर्यतीची ओळख करून दिली. टाइम ट्रायल, घाट चढण्याची शर्यत, छोट्या मार्गावरील फेऱ्यांची शर्यत आणि लांब रस्ता शर्यत असे तिचे प्रकार आहेत. नवोदितांनी सुरुवात टाइम ट्रायलपासून करावी. यात सायकलपटू ठरावीक अंतराने एकेकटे सुटतात आणि दुसऱ्याच्या मागे राहण्यास मनाई असते. त्यामुळे जथ्याचे दडपण नसते आणि स्वतःच्या वेगाचा अंदाज येतो. त्यानंतर घाट आणि सर्वांत शेवटी जथ्याची शर्यत, हा क्रम शहाणपणाचा. २००८ मध्ये सुरू झालेल्या टूर ऑफ नीलगिरीज या अनेक दिवसांच्या सफरीतही काही टप्प्यांवर स्पर्धा असते.

राज्य अजिंक्यपदाची वाट कर्नाटक हौशी सायकलिंग संघटनेमार्फत जाते. तेथे शहरी हौशी सायकलपटूंची गाठ विजयपुरा, बागलकोट, बेळगाव या जिल्ह्यांतील तरुणांशी पडते. विजयपुरा येथील क्रीडा वसतिगृह आणि बेळगाव जिल्ह्यातील चंदरगीची क्रीडाशाळा येथे मुले लहानपणापासून जथ्यातच वाढतात. महाराष्ट्रात मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची परंपरा आहे. पण तो घाटही जथ्यात शक्ती राखून पायथ्याशी पोहोचणाऱ्यालाच वश होतो. उशिरा सुरुवात करणाऱ्यांनी मात्र खचण्याचे कारण नाही. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले बंगळुरूचे नवीन जॉन अमेरिकेत महाविद्यालयात शिकत असताना या खेळाकडे वळले आणि २०१६ मध्ये दोहा येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या टाइम ट्रायलमध्ये उतरले.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात सरावाचे अंतर निम्म्यावर आणावे, पण एक-दोन छोटे वेगवान टप्पे ठेवावेत. नवे बूट, नवे टायर किंवा नवे खाद्य त्या दिवशी वापरून पाहू नये. शक्य असल्यास मार्ग आधी पाहून वळणे, गतिरोधक आणि वाऱ्याची दिशा लक्षात ठेवावी. सुटण्यापूर्वी वीस मिनिटे शरीर गरम करावे, कारण शर्यतीची पहिली काही मिनिटे अपेक्षेपेक्षा वेगवान असतात. इतके करूनही जथ्या पुढे निघून गेलाच, तर एकट्याने पाठलाग करण्यात शक्ती घालवू नये. मागून येणाऱ्या दोघा-तिघांची वाट पाहावी, आळीपाळीने पुढे राहावे आणि अंतिम रेषेपर्यंत जावे.