राहुटीतील चुलीचा धुराडा

धूर बाहेर नेणारी चूल वर्धेस नवी नाही. येथील मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने १९४७ मध्ये मगन चूल सिद्ध केली. परंतु ती मातीची, एका जागी बांधावयाची. कापूसवेचणीस शेतावर राहुटी ठोकणाऱ्यांस धुराडा हलविता आला पाहिजे.

फुकट मिळाला म्हणून कोणताही पत्रा घेऊ नये. तो किती तापणार हे पाहावे. साधा काळा लोखंडी पत्रा सर्वांत बरा. चमकदार करडी नक्षी दिसते तो पत्रा जस्ताच्या मुलाम्याचा. पऱ्हाटीची ज्वाळा थेट नळात शिरते. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते व अतिशय तापल्यास त्याच्या धुराने थंडीताप भरतो. तेलाच्या डब्याचा पत्रा पातळ, लवकर गंजणारा. तोच वापरणे भाग असल्यास सांधे डाख लावून जोडू नयेत, घडी घालून ठोकावेत. डाख उष्णतेने वितळतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा जुना नळ तर कापूही नये. त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे.

राहुटीत वेचलेला कापूस असतो. म्हणून नळ कापडास टेकू न देता भोकाभोवती वीतभर रुंद पत्रा बसवावा. निजण्यापूर्वी निखारे बाहेर काढून विझवावेत. बंद राहुटीत त्यांच्या विषारी वायूस वास नसतो.