तेलदूषित मृदेचे सूक्ष्मजैविक शुद्धीकरण

खनिज तेल व त्यापासून मिळणारी पेट्रोल, डीझेल, वंगणे इ. द्रव्ये मिसळून दूषित झालेल्या मृदेतील हायड्रोकार्बनांचे सूक्ष्मजीवांकरवी अपघटन घडवून आणण्याची प्रक्रिया. तेलविहिरी, नळमार्ग, परिष्करण कारखाने व जमिनीखालील साठवण टाक्या ही या प्रदूषणाची प्रमुख उगमस्थाने होत. तेलामुळे मृदाकणांमधील पोकळ्या भरून हवा व पाणी यांचे अभिसरण खुंटते, पिकांची वाढ मंदावते आणि बेंझिनासारखे कर्करोगजनक घटक भूजलात उतरू शकतात.

प्रक्रिया : स्यूडोमोनस, ॲसिनेटोबॅक्टर, ऱ्होडोकॉकस इ. वंशांतील अनेक सूक्ष्मजंतू, तसेच काही यीस्ट व कवके हायड्रोकार्बनांपासून कार्बन व ऊर्जा मिळवितात. ऑक्सिजनेज एंझाइमांच्या साहाय्याने हायड्रोकार्बनाच्या रेणूत प्रथम ऑक्सिजन घातला जातो. अल्केनांपासून अनुक्रमे अल्कोहॉल, आल्डिहाइड व वसाम्ल बनते, तर ॲरोमॅटिक संयुगांपासून बहुधा कॅटेचोल तयार होऊन वलय उघडते. अखेरीस कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी निर्माण होतात आणि काही कार्बन कोशिकांत सामावला जातो.

एक ग्रॅम ऑक्टेनाच्या पूर्ण ऑक्सिडीकरणास सु. ३·५ ग्रॅ. ऑक्सिजन लागतो, त्यामुळे हवेचा पुरवठा हाच पुष्कळदा मर्यादा घालणारा घटक ठरतो. तेलात कार्बन विपुल, पण नायट्रोजन व फॉस्फरस अत्यल्प असल्याने खते घालावी लागतात. कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांचे १०० : १० : १ हे प्रमाण सामान्यतः आधारभूत मानतात. पुरेसा ओलावा व उबदार तापमानही आवश्यक असते.

पद्धती : जागच्या जागी शुद्धीकरण करताना विहिरींवाटे मृदेत हवा व पोषक द्रव्ये सोडतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील अँब्लर येथे १९७२ मध्ये नळमार्गातून गळालेल्या पेट्रोलाने दूषित झालेल्या भूजलाबाबत ही रीत वापरण्यात आली. दुसऱ्या रीतीत माती उकरून अपार्य थरावर पसरतात व वेळोवेळी नांगरतात किंवा तिचे ढीग रचून त्यांत हवा खेळवितात. बाहेरून सूक्ष्मजंतू घालण्याचीही रीत आहे. भारतात द एनर्जी अँड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने विकसित केलेल्या ‘ऑइलझॅपर’मध्ये तेलभक्षक सूक्ष्मजंतूंचा समूह मक्याच्या कणसांच्या बुरकुंडाच्या भुकटीत मिसळलेला असतो. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी जननिक बदल करून तयार केलेल्या स्यूडोमोनसावरील पेटंटाचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मान्य केला. तथापि तो सूक्ष्मजंतू प्रत्यक्ष तेलगळतीवर वापरला गेला नाही. दूषित मृदेत योग्य सूक्ष्मजंतू बहुधा आधीच असतात; उणीव असते ती हवा व पोषक द्रव्यांची.

मर्यादा व पडताळणी : ही प्रक्रिया स्वस्त असली, तरी तीस महिने वा वर्षे लागतात. अनेक वलयांची ॲरोमॅटिक संयुगे व अस्फाल्टिने दीर्घकाळ टिकतात, चिकणमातीत अडकलेले तेल सूक्ष्मजीवांच्या आवाक्याबाहेर राहते आणि जड धातूंचे अपघटन होतच नाही. शिवाय तेलाचे प्रमाण घटले म्हणजे त्याचे अपघटन झालेच असे नव्हे; ते हवेत उडून गेलेले, भूजलात उतरलेले किंवा स्वच्छ माती मिसळल्याने विरल झालेले असू शकते. म्हणून उपचार न केलेल्या वाफ्याशी तुलना करतात आणि सहज अपघटन होणाऱ्या हेप्टाडेकेनाचे चिवट प्रिस्टेनाशी असलेले गुणोत्तर मोजतात. ते घटले, तर सूक्ष्मजीवांचे कार्य सुरू असल्याचा पुरावा मिळतो. तथापि जमीन पुन्हा लागवडीस देण्यापूर्वी उरलेल्या विषारी घटकांचे व भूजलाचे स्वतंत्र परीक्षण करणे आवश्यक असते.